नऊ इंच वर

४ नोव्हेंबर

दादा,

आपल्या दुकानातली कामाची टेबलं बुटकी बनवलेली नाहीत, कापलेली आहेत. परवा आत्यानं सांगितलं आणि काल सुतारानं टेबल आडवं पाडून खात्री केली. पायाच्या टोकावरून बोट फिरवत तो म्हणाला, "करवत चाललीय, ताई. वर पॉलिश आहे, टोकाला कोरडं लाकूड. आणि एक पाय जरा आखूडच. कापणारा सुतार नव्हता, हे नक्की."

कापणारा आपला बाप होता.

हे पत्रात लिहितेय, कारण फोनवर तुझा आवाज चढला की माझा बसतो. कागदावर तो बसत नाही. गुरुवारी तू म्हणालास, "टेबल खाली घे, नाहीतर तू घरी बस." मी फोन ठेवला. रागानं नाही, उत्तर लांब होतं म्हणून.

तर उत्तर असं. तुझ्या माहितीपत्रकावर आम्हा पाच जणींचा फोटो आहे, पाचही माना कापडात घातलेल्या. खाली तू छापलंयस की बाबांनी रफूची टेबलं मुद्दाम बुटकी करून घेतली, नजर कामापासून हलू नये म्हणून. वाक्य छान आहे. फक्त खरं नाही. आत्या पहिल्या दिवसापासून बाबांबरोबर रफू करत होती, ती सांगते, दुकान सुरू झालं ते एका पोटमाळ्यावर. तू चार वर्षांचा होतास, मी जन्मलेही नव्हते. छत इतकं खाली की उठताना डोकं आपटायचं. म्हणून बाबांनी पाचही टेबलांचे पाय नऊ नऊ इंच कापले आणि सगळे बुटक्या स्टुलांवर बसू लागले. स्टूल बुटकं, टेबल बुटकं. तिथं ते बरोबर होतं. पुढे ही उंच छताची खोली मिळाली. बाबांनी हौसेनं पूर्ण उंचीच्या खुर्च्या आणल्या. टेबलं तीच राहिली.

"मी म्हटलं होतं त्याला, पाय जोडून घे," आत्या म्हणाली. "म्हणाला, बघू. तुझ्या बापाचं 'बघू' तुला माहितीये."

म्हणजे पस्तीस वर्षं आम्ही एका छताला घाबरून वाकतोय, आणि ते छत आमच्या डोक्यावर नाहीच.

माझं टेबल मी चार ठोकळ्यांवर चढवलंय, बरोबर नऊ इंच. त्यावर एक उतरती फळी ठेवलीय, तिच्यावर कापड. पायाखाली दुसरी फळी. कोपरं टेबलावर टेकतात, कापड माझ्या हनुवटीच्या जरा खाली येतं, आणि मला फक्त डोळे खाली न्यावे लागतात. ही अक्कल माझी नाही, शेजारच्या घड्याळजींची. त्यांचं टेबल पाहिलंयस? छातीपर्यंत येतं. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांची खुर्ची मोडून खाली गेलीय. मागच्या महिन्यात विचारलं, तर म्हणाले, "काम डोळ्यापाशी आणायचं, पोरी. डोळा कामापाशी न्यायला लागलो असतो, तर घड्याळं मी दुरुस्त केली असती, पण मला कुणी केलं असतं?"

टेबल खाली येणार नाही. दुकान तुझ्या नावावर आहे, ते मला मान्य आहे. मान मात्र माझी आहे.

चष्मेवालीची खुर्ची रिकामीच आहे. ज्या कोटावरून तू सप्टेंबरात तिला काढलंस, त्या कोटाबद्दल मी आज काही लिहीत नाही.

टाचणी

(या नावानं तूच हाक मारायला सुरुवात केलीस. टोचलं तर तक्रार करू नकोस.)


११ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं. तीन ओळी. 'तीस तारखेला कोटकंपनीचे साहेब, काम देण्याआधी, दुकान बघायला येतायत. त्यांना फोटोतलं दुकान दिसलं पाहिजे. तोपर्यंत ठोकळे निघाले नसतील तर तुझ्या जागी दुसरी बसेल.'

हे पत्र तू कसं वाचत असशील ते मला दिसतंय. मांडीवर ठेवून, पाठ गोल करून. उचल ते. डोळ्यांसमोर धर. धरलंस? आता पुढे वाच.

तुला वाटत असेल की मी एकटीच हट्टाला पेटलेय. पहिल्या दिवशी एकटीच होते. थोरली म्हणाली, "बाईसाहेब तिकीटखिडकीवर बसल्यासारख्या दिसताय. दोन तिकिटं द्या." दुसरी म्हणाली, "तिकिटं कसली, न्यायाधीश दिसतायत. निकाल वाचून दाखवा." सगळ्या हसल्या, मीही हसले. चौथ्या दिवशी थोरलीनं विचारलं, "तुमचं डोकं दुखत नाही हल्ली?" म्हटलं, नाही. रोज चार वाजता कपाळाला बाम लावून बसणारी बाई ती. पाचव्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मला ठोकळे द्या, नाहीतर तुमच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसते." आता तिचंही टेबल वर आहे.

घड्याळजींनी एक गजराचं घड्याळ दिलंय. त्यांच्याकडे कुणी तरी दुरुस्तीला टाकलं आणि न्यायला आलंच नाही. ते दर अर्ध्या तासानं वाजतं. वाजलं की सुई कापडात टोचून ठेवायची आणि उठायचं. आत्या मागच्या खोलीतून येते आणि आम्हाला कवायत देते, कारण दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंकडे मी गेले तेव्हा ती बरोबर होती आणि तिनं सगळं माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवलंय. खांदे कानापासून खाली. हनुवटी सरळ मागे, वर नाही, खाली नाही, कपाटाचा खण आत ढकलतो तशी. पाच मोजायचे, सोडायचं, दहा वेळा. मग खिडकीतून समोरच्या गच्चीवरची टाकी बघायची, डोळ्यांना लांबचं दिसावं म्हणून. काल एक ग्राहक नेमके तेव्हा आत आले. पाच बायका हनुवट्या मागे ओढून टाकीकडे बघतायत. बिचारे म्हणाले, "मी नंतर येऊ का?"

आत्यानं सांगितलं, "या, तुम्हीही उभे राहा. तुमची गरज जास्त दिसतेय."

ते राहिले उभे. त्यांचं जाकीट मंगळवारी द्यायचंय.

व्यायामवाल्या बाईंनी एक गोष्ट सांगितली ती तुला लिहिते. मान सरळ असते तेव्हा पाठीच्या कण्याला फक्त डोक्याचं वजन पेलायचं असतं. जसजशी वाकते तसतसा मागच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. एखादी भरलेली बादली अंगाशी धरली तर चालता येतं, हात लांब करून धरली तर चार पावलांत खांदा बोलायला लागतो, तसं. आम्ही ती बादली दिवसाचे आठ तास लांब धरत होतो.

मी दवाखान्यात का गेले, हे तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. बोटांना जरा मुंग्या येतात. फार नाही.

टाचणी


१९ नोव्हेंबर

दादा,

मागच्या पत्रातलं 'फार नाही' खोडून वाच.

डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट वर्षभरापासून बधिर आहेत. मानेतला एक मणका शिरेवर दाब देतोय, डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलं. शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही, पण बसण्याची रीत बदलली नाही तर येईल, असं ते म्हणाले. उजव्या हातात सुई असते आणि डावा हात कापडाच्या खाली असतो, हे तुला सांगायला नको. सुई खाली आली की डाव्या बोटाला कळतं आणि ते तिला परत वर पाठवतं. आपल्या कामात डोळा अर्धा, ते बोट अर्धं. माझं अर्धं काम वर्षभर आंधळं चाललंय. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू मला गल्ल्यावर बसवलं असतंस, आणि मला रफूशिवाय दुसरं काही येत नाही.

आता तो कोट.

सप्टेंबरात सायीसारख्या दुधाळ रंगाचा लोकरी कोट आला होता. बाहीला कसरीनं खाल्लेलं भोक. आतल्या शिवणीतून धागे काढून भोक मीच विणायला घेतलं होतं, मग दुपारनंतर चष्मेवालीला दिलं, कारण माझं डोकं दुखत होतं. संध्याकाळी इस्त्रीच्या वेळी बाहीच्या आत रक्ताचा ठिपका सापडला. डाळीएवढा. वाळलेला. तो बाहेरच्या बाजूला उतरला होता.

तू त्या दिवशी इथंच होतास. तू म्हणालास, "शेवटचा हात कुणाचा?" चष्मेवाली म्हणाली, "माझा." मग बाबांच्या वेळेपासून जे करतात ते झालं. ज्याचं रक्त त्याची थुंकी. आपल्या थुंकीनं आपलाच डाग निघतो, दुसऱ्याचा निघत नाही, असं आपण सगळे मानतो. खरं की खोटं, मला माहीत नाही. चष्मेवालीनं सगळ्यांसमोर धागा चावून ओला केला, डागावर घासला. डाग हलला नाही. आपल्याच नियमाप्रमाणे रक्त तिचं नव्हतं. पण तू म्हणालास, "वाळल्यावर कसा निघणार? टोचल्याबरोबर कळायला हवं होतं. ज्या बाईला स्वतःचं बोट टोचलेलं कळत नाही, तिनं रफू करू नये." आणि दुसऱ्या दिवशी तिला काढलंस.

ज्या बाईला कळलं नाही ती तुझ्या शेजारी उभी होती.

घरी येऊन हात धुताना मला बोटावर भोक दिसलं. दुखत नव्हतं. कोट अजून दुकानात होता, सकाळी जाऊन मी माझी थुंकी लावून बघू शकले असते. लावली नाही. डाग निघाला तर काय, या भीतीनं. आठवडाभरानं ज्यांचा कोट होता त्या बाई तो डागासकट तसाच घेऊन गेल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुझ्यापासून लपवलं, असं म्हणणार नाही. हे मी पहिल्यांदा स्वतःपासून लपवलं, आणि त्यात मी आपल्या बापाइतकीच हुशार निघाले. 'बघू' म्हटलं.

रविवारी चष्मेवालीच्या घरी गेले. दोन जिने चढून. ती जेवणाच्या टेबलावर ढीगभर शर्टांची बटणं लावत बसली होती, पाठीला उशी नाही, मान पार खाली. मी सगळं सांगितलं. तिनं बटण पूर्ण लावलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी तुमच्या हाताकडे बघत होते. डावी मूठ मिटलेली होती तुमची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." मग चष्मा पुसत म्हणाली, "दोन महिने लागले. तुमच्या मानानं लवकरच."

तिचा नवरा आतून म्हणाला, "चहा ठेवू का?" ती म्हणाली, "ठेव. पण साखर कमी, ह्या आत्ताच गोड बोलायला लागल्यात."

ती परवापासून कामावर आली आहे. मी बोलावली. तुला विचारलं नाही. तिच्या टेबलाखाली सर्वात आधी ठोकळे लावले, आणि तिच्या चष्म्यासाठी घड्याळजींनी भिंग एका वाकड्या दांड्यावर बसवून दिलंय, म्हणजे भिंगासाठीही वाकायला नको.

आता तू ठरव. त्या कोटासाठी कुणाला काढायचं असेल तर मला काढ. पण आधी हे समजून घे, की बुटक्या टेबलाशी माझ्या जागी जी बसेल तिचीही मूठ दहा वर्षांनी मिटलेली असेल. माझी चूक लपवण्याची होती. टोचण्याची चूक टेबलाची होती.

मी माझ्या चुकीबद्दल चष्मेवालीची माफी मागितली आहे. टेबलाबद्दल मी कुणाचीही मागणार नाही.

टाचणी


२८ नोव्हेंबर

दादा,

पत्राला उत्तर नाही, पण पार्सल आलं. तुझा करडा कोट, आणि खिशात चिठ्ठी: 'कॉलर विरलीय, रफू कर. मागची बाजू वर चढते, पुढची लोंबते. मागून अर्धा इंच उतरव. तीस तारखेला घालायचाय.' बाकीच्या विषयावर एक शब्द नाही.

कोट टेबलावर पसरला तेव्हा पाचही जणी जमा झाल्या. आपल्या धंद्यात माणूस समोर नसला तरी त्याचे कपडे चहाडी करतात. हा कोट चार वर्षांपूर्वी इथंच तुझ्या अंगावर बेतला होता. टाचण्या मी लावल्या होत्या. तेव्हा मागचा आणि पुढचा काठ एका रेषेत होता. मी काल मोजपट्टी लावली. अजूनही आहे. कोट बदललेला नाही.

कॉलरही आपणहून विरलेली नाही. साधारणपणे ती घडीवर विरते, सगळीकडे सारखी. तुझी फक्त मागे, मधोमध, दोन बोटं रुंद घासलीय. तिथं तुझ्या मानेच्या बुडाशी उंचवटा आला असणार. थोरली म्हणाली, "हा माणूस दिवसभर काय बघतो खाली?" मी म्हटलं, "फोनवर आमचे फोटो."

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, तू दोन उशा घेतोस, त्यावर मान मोडून फोन बघतोस, सकाळी उठून म्हणतोस हवा बदलली म्हणून डोकं धरलंय. गाडी चालवताना मागे बघायचं असेल तर सगळं अंग वळवतोस. "मी काही बोलले की म्हणतात, बसायचं कसं हे आता मला शिकवू नकोस." मी तिला म्हटलं, एक उशी आजच काढून घे, तो चार दिवस आरडाओरडा करेल, पाचव्या दिवशी विसरेल. फोनला स्वयंपाकघराच्या फडताळावर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला जागा कर. बघायचा असेल तर उभा राहून बघेल. हसली ती. बऱ्याच दिवसांनी हसलेली ऐकली.

आता कोटाचं. कॉलरचं रफू चष्मेवालीनं केलंय. तिनंच मागून घेतलं. धागा आतल्या शिवणीतला, विणकाम असं की तू भिंग घेऊन शोध. तिनं ते कापड डोळ्यासमोर धरून, ताठ बसून केलंय, आणि गजर वाजला तेव्हा चार वेळा मधेच सोडून उठलीय. नजर कामापासून हलली तर काम बिघडतं, हे तुझं वाक्य पत्रकातून काढायला त्या कॉलरचा पुरावा पुरेल.

मागची बाजू मात्र मी उतरवलेली नाही. अर्धा इंच कापड आत आहे, मला येतं, एका दुपारचं काम आहे. करणार नाही. बाबांनी एकदा टेबल छताच्या मापाचं केलं आणि आम्ही सगळ्या त्या टेबलाच्या मापाच्या झालो. मी तुझा कोट तुझ्या वाकण्याच्या मापाचा करून देणार नाही. आज अर्धा इंच उतरवला तर दोन वर्षांनी तू आणखी अर्धा मागशील.

सुतार काल येऊन गेला. ठोकळे गेले. पाचही टेबलांना त्यानं त्याच जातीच्या लाकडाचे नऊ इंची तुकडे खुंट्या मारून जोडलेत, पितळी पट्टीनं बांधलेत. तो आखूड पायही बरोबर केला. जाताना म्हणाला, "आता परत कापायचे तर मला बोलवू नका."

परवाचं असं आहे. तू साहेबांना घेऊन दहाच्या सुमारास पोचशील. दार उघडल्यावर तुला फोटोतलं दुकान दिसणार नाही. पाच चेहरे दिसतील, समोर बघणारे, कारण आता आम्हाला दारातून येणारा माणूस दिसतो. साहेबांनी टेबलांबद्दल विचारलं तर आत्या पोटमाळ्याची गोष्ट सांगणार आहे, तिनं तयारी केलीय, मी तिला अडवणार नाही. त्या दुधाळ कोटाबद्दल कुणी विचारलं तर मी सांगणार आहे. साडेदहाला गजर होईल. आम्ही उठू. साहेब घाबरले तर त्यांना टाकी दाखव.

आणि त्यानंतर तुला मला काढायचं असेल तर तिथंच, सगळ्यांसमोर काढ, जसं तिला काढलंस. मी मूठ उघडी ठेवून उभी असेन.

कोट दाराशी खुंटीला लावून ठेवलाय, इस्त्री करून. आत येण्याआधी घाल. शेजारच्या आरशात बघशील तेव्हा मागची बाजू वर चढलेली दिसेल, पुढची लोंबताना. तेव्हा मला हाक मारू नकोस. खांदे खाली घे, हनुवटी सरळ मागे, कपाटाचा खण ढकलतो तशी. पाच मोज.

काठ एका रेषेत येईल. मी मोजलाय.

टाचणी